कौतुक पुरे, मैदानाचे बोला

मुंब्र्याच्या किंवा भिवंडीच्या मुली फुटबॉल खेळू लागल्या की त्यांच्याविषयी जे लिहिले जाते त्याचा साचा आता आम्हाला पाठ झाला आहे. प्रथम अरुंद गल्ली येते, मग यंत्रमागांचा खडखडाट, मग दारात उभी असलेली काळजीग्रस्त आई, आणि शेवटी डोक्याला रुमाल बांधून चेंडूला लाथ मारणारी मुलगी. छायाचित्र हमखास खालून वर घेतलेले. मजकुरात 'जिद्द', 'भरारी' आणि 'बेड्या' हे तीन शब्द असतातच. वाचणाऱ्याचे डोळे पाणावतात, लिहिणाऱ्याला समाजकार्य केल्याचे समाधान मिळते, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुली मैदानावर पोहोचतात तेव्हा तिथे मुलांचे क्रिकेटचे सहा सामने एकाच वेळी चालू असतात.

आमचा आक्षेप त्या मुलींच्या कौतुकाला नाही. कौतुकाने प्रश्नाची जागा घ्यावी याला आहे. 'त्या किती धीट आहेत' असे म्हटले की 'त्यांना धीट का व्हावे लागते' हे विचारण्याची गरज उरत नाही. मुलगा मैदानावर जातो तेव्हा त्याच्या धैर्याची बातमी होत नाही. तो खेळायला जातो एवढेच. ज्या दिवशी मुलीविषयीही एवढेच म्हणता येईल त्या दिवशी या लेखांचा धंदा बसेल. तो बसावा अशीच आमची इच्छा आहे.

एक भेद आधी स्पष्ट करायला हवा, कारण तो पुसट राहिल्यानेच पुष्कळ घोळ होतो. संघ वेगळा आणि क्लब वेगळा. अकरा जणी, चार राखीव आणि एक प्रशिक्षक जमवला की संघ होतो. तो एका स्पर्धेपुरता जगतो. क्लबला वही लागते: सभासदांची, वर्गणीची, सामन्यांची, उधारीची. मागच्या वर्षीच्या मुलींची लग्ने झाली, नोकऱ्या लागल्या, घरे बदलली, तरी यंदा त्याच वारी त्याच वेळी त्याच मैदानावर दुसऱ्या मुली येतात, याला क्लब म्हणायचे. संघाला प्रायोजक पुरतो. क्लबला जागा लागते, आणि त्या जागेवर आपला हक्क आहे हे इतरांना मान्य असावे लागते. महिला फुटबॉलचा आपल्याकडचा बहुतेक इतिहास हा संघांचा इतिहास आहे. क्लबांचा इतिहास शोधू गेले की पाने कोरी लागतात.

भिवंडीहून सर्वांत जवळचे ठळक उदाहरण मुंब्र्याचे आहे. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधून मध्य रेल्वे अशा चिंचोळ्या पट्टीत वसलेले हे गाव. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतून उठलेली हजारो मुसलमान कुटुंबे इथे आली आणि वस्ती अशी वाढली की मोकळी जागा ही चैनीची वस्तू ठरली. तिथे २०१२ साली सबा खान आणि काही तरुणींनी 'परचम' हा गट उभा केला. नाव मजाज़ लखनवी यांच्या 'नौजवान ख़ातून से' या नज़्मवरून घेतलेले. ओढणीचा परचम, म्हणजे झेंडा, करण्याची कल्पना त्या नज़्ममध्ये आहे हे उर्दू वाचकांना सांगायला नको. या गटाने मुलींना फुटबॉल खेळायला बोलावले. मुसलमान मुली आल्या, हिंदू मुलीही आल्या. आणि मग, आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट, त्यांनी मुलींसाठी राखीव मैदान मागितले. त्यासाठी वस्तीत फिरून शेकडो सह्या गोळा केल्या आणि लोकप्रतिनिधींपुढे ठेवल्या. आपल्या उत्सवाला त्यांनी फातिमाबी आणि सावित्रीबाई यांची नावे दिली.

परचमवर लिहिल्या गेलेल्या मजकुरात मुलींचा पेहराव, घरच्यांचा विरोध आणि पहिला गोल यांना परिच्छेदच्या परिच्छेद मिळतात. सह्यांच्या मोहिमेला एक ओळ. वास्तविक तीच मोहीम या कहाणीचा कणा आहे. मुलीने घरातून चोरून येऊन चेंडू मारणे ही वैयक्तिक बंडखोरी झाली. पण त्याच मुलीने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दारात उभे राहून 'आम्हाला मैदान हवे, इथे सही करा' असे म्हणणे ही नागरिकत्वाची गोष्ट आहे. दार उघडणाऱ्या माणसाला त्या क्षणी काहीतरी ठरवावे लागते. सही करणाऱ्या बापाने आपल्या मुलीला पाठवले नाही तरी शेजारणीच्या मुलीला अडवण्याचा अधिकार त्याने गमावलेला असतो. क्लबचा पाया तो असा घातला जातो.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉयटर?' या २०११च्या पुस्तकात मुंबईतल्या स्त्रियांविषयी असे मांडले की बाईला सार्वजनिक जागेत वावरायचे तर हाती काहीतरी कामाचे निमित्त लागते; विनाकारण रेंगाळण्याचा हक्क तिला नाही. फुटबॉल हेही निमित्तच आहे, असे कुणी म्हणेल. आम्हाला ते तितकेसे पटत नाही. सामना नव्वद मिनिटांत संपतो, पण सामन्याआधीचे ताटकळणे, नंतरचे गवतावर बसून राहणे, बुटांच्या नाड्या सोडता सोडता मारलेल्या गप्पा, हे सगळे रेंगाळणेच असते, आणि मुलींना त्याचीच तहान अधिक असते. असो.

आता त्या आवडत्या आक्षेपाकडे वळू. 'तिथल्या समाजाचा धर्म आड येतो हो', असे आपल्याकडचे सुशिक्षित लोक मान हलवून म्हणतात. धर्माच्या नावाने अडवणूक होत नाही असा दावा आम्ही करणार नाही. ती होते, आणि ती करणाऱ्यांना आम्ही मुलींचे हितचिंतक मानत नाही. परंतु मुलींना मैदानाबाहेर काढण्याचे श्रेय एकट्या धर्माला देणे हे इतिहासाचे अज्ञान आहे. भिवंडीला लोक हौसेने 'भारताचे मँचेस्टर' म्हणतात, तेव्हा खऱ्या मँचेस्टरच्या मुलखातच जाऊन पाहू. लँकशरमधल्या प्रेस्टन या कापडगिरण्यांच्या गावी डिक, कर या कारखान्यात पहिल्या महायुद्धाच्या काळात बायका दारूगोळा तयार करत होत्या. १९१७ साली त्यांनी फुटबॉलचा संघ काढला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला ५३ हजार माणसे आली. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला: हा खेळ बायकांना मुळीच योग्य नाही, आणि सदस्य क्लबांनी आपली मैदाने त्यांना देऊ नयेत. ही बंदी पन्नास वर्षे, १९७१पर्यंत टिकली. ब्राझीलमध्ये, फुटबॉलच्या त्या तथाकथित स्वर्गात, १९४१च्या सरकारी हुकुमाने बायकांना हा खेळ बंद झाला तो १९७९पर्यंत. पश्चिम जर्मनीच्या महासंघाने १९५५पासून १९७०पर्यंत हेच केले. यांपैकी कुठे मौलवी होते?

इंग्लंडच्या ठरावातली दोन कलमे पुन्हा पुन्हा वाचण्याजोगी आहेत. एक, बंदी खेळण्यावर नव्हती. मैदान देण्यावर होती. कायद्याने कुणाचे पाय बांधले नाहीत, फक्त फाटकाला कुलूप लावले, आणि तेवढे पुरले. दुसरे असे की ठरावात पैशांविषयी तक्रार होती: धर्मादाय सामन्यांच्या उत्पन्नातला फार मोठा वाटा खर्चात जातो आणि धर्मादाय कामाला कमी उरतो, अशी. युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी बायका पैसा जमवत होत्या तोवर त्यांचे कौतुक होते. त्यांच्या खेळाला स्वतःचा पैसा आणि स्वतःचा प्रेक्षक आहे हे दिसू लागले, तेव्हा त्या 'अयोग्य' ठरल्या. आज आपल्याकडे मुलींचा फुटबॉल 'सबलीकरण', 'आरोग्य' किंवा 'मुलगी वाचवा' यांपैकी एखाद्या सत्कार्याच्या खात्यावर खर्ची टाकल्याशिवाय चालत नाही, तेव्हा आम्हाला हा ठराव आठवतो. मुलीने केवळ खेळासाठी खेळावे हे अजून कुणाला परवडत नाही.

पेहरावाचा मुद्दाही इथेच निकालात काढू. फुटबॉलचे नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१४ साली डोके झाकून खेळायला परवानगी दिली. त्याआधी, २०११ मध्ये, इराणच्या संघाला ऑलिंपिक पात्रता सामन्यातून याच कारणाने बाद केले गेले होते. २०२३च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालून उतरली आणि आकाश कोसळले नाही. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मात्र तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने महासंघाची हिजाबबंदी उचलून धरली. एकाला ती झाकलेली हवी, दुसऱ्याला उघडी. दोघांचीही नजर तिच्या डोक्यावर खिळलेली, पायांकडे आणि चेंडूकडे कुणाचेच लक्ष नाही.

घरचा हिशेब याहून उजळ नाही. महिला फुटबॉलचा भारतीय महासंघ १९७५ साली स्थापन झाला आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पुरुषांच्या महासंघाशी त्याचा संबंध नव्हता. बायकांनी आणि त्यांच्या थोड्याशा पाठीराख्यांनी तो वेगळाच चालवला. त्या काळात भारतीय संघ कालिकतला भरलेल्या आशियाई स्पर्धेत आणि पुढे १९८३ साली बँकॉकला उपविजेता ठरला. शांती मलिक यांना त्याच १९८३ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. नव्वदच्या दशकात हा कारभार पुरुषांच्या महासंघाकडे गेला. मग काय झाले? पुरुषांची राष्ट्रीय लीग १९९६ साली सुरू झाली. महिलांची २०१६-१७ मध्ये. वीस वर्षे. आणि जी आली तीही नावालाच लीग होती. सगळे संघ एका गावी नेऊन काही आठवड्यांत सामने उरकायचे आणि करंडक वाटून मोकळे व्हायचे, असे २०२२-२३पर्यंत चालले. आपल्या गावी, आपल्या माणसांपुढे खेळण्याची पद्धत २०२३-२४च्या हंगामात आली.

यावर 'मैदान कुठले का असेना' असे म्हणणाऱ्याने कोल्हापूरला जावे. तिथला फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे उच्चारली की त्या शहरात घरे दुभंगतात. शाहू स्टेडियमवरच्या त्या गर्दीचे प्रेम खेळापेक्षा अधिक आपल्या गल्लीवर असते, आणि त्यातूनच हे संघ पिढ्यान्पिढ्या टिकतात. पण हे सगळे वैभव पुरुषांचे. एफसी कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ राष्ट्रीय महिला लीगच्या अंतिम फेरीत पोहोचला तेव्हा त्याचे सामने झाले २०१९ साली लुधियानाला आणि त्यापुढच्या हंगामात बेंगळुरूला. फुटबॉलवर जीव टाकणारे अवघे शहर मागे, आणि मुली परमुलखात रिकाम्या बाकड्यांसमोर! आपल्या पेठेच्या नजरेसमोर न खेळलेला संघ पेठेचा कसा होणार?

पुण्याचे उदाहरण वेगळ्या रोगाचे आहे. पहिल्या महिला लीगमध्ये इंडियन सुपर लीगच्या संघांपैकी फक्त एफसी पुणे सिटीने मुलींचा संघ उतरवला. त्याबद्दल त्यांना दाद द्यायला हवी. पण २०१९ साली मालकांचा हिशेब जुळेना, क्लब बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. पुण्याच्या मुलींना कुणी विचारले नाही, कारण विचारायला त्या सभासद नव्हत्या. करारबद्ध खेळाडू होत्या. वरून आलेला क्लब वरच निघून जातो.

मोठ्या स्पर्धांनी खालचे मैदान पिकते, हा आणखी एक लाडका समज. २०२२ साली आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात भरला. यजमान भारताचा संघ करोनाच्या संसर्गामुळे एका बरोबरीनंतर स्पर्धेबाहेर पडला. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला. स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले. पारसिकच्या डोंगरापलीकडे, नेरूळच्या त्या स्टेडियमवर, जग येऊन गेले. २ नोव्हेंबर २०२५ला तिथेच भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. आम्हीही त्या रात्री आनंदलो, खोटे कशाला बोला. पण डोंगराच्या अलीकडच्या मुलीला त्या हिरवळीचा उपयोग दूरदर्शनच्या पडद्यापुरताच. तिला हवे असलेले मैदान तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर असले पाहिजे, कारण तिला अंधार पडायच्या आत परत यायचे असते.

आणि आता भिवंडी. २०११च्या जनगणनेत सात लाखांवर गेलेले हे शहर मागांवर जगते. मागावर बहुतांशी पुरुष असतात, पण कांड्या भरणे, धागे कापणे ही कामे घराघरांतून बायका-मुली करतात, नगावर. मुलीच्या एका संध्याकाळीची किंमत त्या घरात पैशांत मोजता येते. तेव्हा 'घरचे सोडत नाहीत' या वाक्यात प्रत्येक वेळी रूढीच असते असे नाही. पुष्कळदा कांड्या असतात. कौतुकाचे लेख हे लिहीत नाहीत, कारण रूढीवर लिहिले की लेखक पुरोगामी ठरतो आणि मजुरीच्या दरावर लिहिले की तो कंटाळवाणा ठरतो.

भिवंडीने १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली पाहिल्या. नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' या त्यांच्या पुस्तकाचे नावच पुरेसे बोलके आहे. या प्रयोगात वीरश्री नव्हती. दोन्ही धर्मांची साधी माणसे आणि पोलीस ठरल्या दिवशी एकत्र बसत, पाण्याच्या नळापासून भांडणांपर्यंत बोलत, आणि पुन्हा पुढच्या बैठकीला येत. नियमितपणा हेच त्याचे सामर्थ्य होते. मुलींचा क्लब ही याच जातीची गोष्ट आहे. पद्मशाली विणकराची मुलगी आणि अन्सारी विणकराची मुलगी यांनी एकमेकींना चेंडू द्यायला शिकावे म्हणून भाषणे नकोत. मंगळवार आणि शुक्रवार हवा. ज्या शहराला ही विद्या एकदा साधली आहे त्याच्या नावाने राष्ट्रीय महिला लीगमध्ये अद्याप एकही संघ उतरलेला नाही, हे आम्हाला खटकते.

जागा नाही, असे उत्तर येईल. भिवंडीभोवतीची भातशेती माणकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे इथे पाहता पाहता गोदामांखाली गेली. साऱ्या महामुंबईची खोकी ठेवायला तिथे जागा मिळाली. म्हणजे जागा होती, तिचा भाव ठरायचा होता. शहराच्या विकास आराखड्यात क्रीडांगणांची आरक्षणे असतात, पण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम १२७कडे फार थोड्यांचे लक्ष जाते. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित भूखंड संपादन झाला नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नंतरच्या ठरावीक मुदतीत पालिकेने पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. कुणी मैदान बळकावावे लागत नाही. पालिकेने गप्प बसणे पुरते. मुलींना खेळू द्यावे की नाही यावर शहरात परिसंवाद चालू असतो आणि तेवढ्यात खेळायची जागा कायदेशीररीत्या नाहीशी झालेली असते.

म्हणून सत्कार, फेटे आणि 'नारीशक्ती'चे फलक यांऐवजी काही रुक्ष मागण्या आम्ही पुढे ठेवतो. पालिकेच्या ताब्यातल्या प्रत्येक क्रीडांगणावर आठवड्यातल्या तीन संध्याकाळी, चार ते साडेसहा, मुलींसाठी राखीव असाव्यात आणि तसा फलक फाटकावर मराठीत व उर्दूत लावावा. त्या वेळेत लग्नाचे मांडव आणि राजकीय सभा यांना मैदान देऊ नये. स्टेडियम बांधून ते सभांना भाड्याने देणे ही आपल्या नगरपालिकांची जुनी खोड आहे. पाणी येणारे आणि आतून कडी लागणारे स्वच्छतागृह हवे; एवढ्या एका गोष्टीवाचून किती मुली तेराव्या-चौदाव्या वर्षी खेळ सोडतात हे कुठल्याही शाळेच्या क्रीडाशिक्षिकेला विचारावे. भिवंडी, मुंब्रा, कल्याण, ठाणे यांच्या मुलींची आपापसांत लीग व्हावी, जिचे अर्धे सामने प्रत्येकीच्या गावी होतील. आणि आरक्षित क्रीडांगणांची यादी, कुठल्या भूखंडाची दहा वर्षे केव्हा भरतात त्या तारखांसह, प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावावी. मुंब्र्याच्या मुलींनी सह्यांचे कागद घेऊन दारे ठोठावली होती; भिवंडीत तशी मोहीम निघाली तर तिच्या पहिल्या पानावर त्या यादीतला सर्वांत आधी मुदत संपणारा भूखंड क्रमांकासह लिहिलेला असावा.